इशिमोरींच्या स्फटिकामागे न्यू जर्सीपर्यंत

अमेरिकेहून परत आल्यापासून जालन्यात जो भेटतो तो मला नायगारा पाहिला का, असं विचारतो. नाही पाहिला. दहा आठवडे न्यू जर्सीत राहिले आणि त्यातले बरेचसे मंगळवार एका प्रयोगशाळेत, एक्याण्णव वर्षांच्या एका जपानी माणसाशेजारी स्टुलावर बसून काढले. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना कधीच जायचं नाही त्यांच्यासाठी तर जास्तच, हे सगळं लिहून ठेवावं असं मी विमानातच ठरवलं होतं.

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. जालन्याच्या कॉलेजात बत्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाले. त्याआधी तेव्हाच्या औरंगाबादेत पीएच.डी. केली. वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या वस्तीत पदवीपर्यंत पोचलेल्या मुली चार, आणि त्यापुढे गेलेली मी एकटी. माझा विषय होता थरावर थर असलेल्या स्फटिकांचा विद्युत रोध, म्हणजे तापमान बदललं की असे स्फटिक वीज किती अडवतात ते मोजायचं. अडचण एकच होती. मोजायला स्फटिकच नव्हते.

तेव्हा न्यू जर्सीतल्या एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ताकेओ इशिमोरी यांचा एक लेख माझ्या वाचनात आला. टँटॅलम आणि गंधक यांचे स्फटिक त्यांनी स्वतः वाढवले होते. मी त्यांना निळ्या आंतरदेशीय कागदासारख्या हवाईपत्रावर, इंग्रजीच्या शिक्षकांकडून तीनदा तपासून घेतलेलं पत्र लिहिलं. उत्तराची अपेक्षा नव्हती. दीड महिन्याने कापसात गुंडाळलेली काचेची एक छोटी नळी आली. आत तीन स्फटिक होते, करंगळीच्या नखाएवढे, नव्या पितळेसारखे चमकणारे. सोबत हाताने लिहिलेल्या तीन ओळी होत्या: कडेला चिमट्याने धरा. धरताना श्वास रोखा. जे मोजाल ते मला कळवा.

स्फटिक थंड करायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. विद्यापीठाचं यंत्र बंद होतं, म्हणून मी तो जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून आणायचे. तिथले डॉक्टर भले होते. बैलांचं वीर्य साठवून झालं की उरलेला माझ्या कॅनमध्ये ओतून द्यायचे. तो कॅन मांडीवर घेऊन मी रिक्षातून यायचे आणि मोजायला बसायचे. थंड करताना आलेख इशिमोरींच्या लेखासारखाच यायचा. पण स्फटिक पुन्हा गरम होऊ लागला की बर्फाच्या तापमानाच्या थोडं अलीकडे रोधात एक लहानशी पायरी दिसायची. त्यांच्या लेखात ती नव्हती.

माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवलं. त्यांचं म्हणणं पडलं की तारा चिकटवायला लावलेला चांदीचा लेप कुठेतरी सुटला असेल. मी लेप काढून पुन्हा लावला. पायरी आली. दुसरा स्फटिक घेतला, तिथेही आली. शेवटी सर म्हणाले, "अगं, तो माणूस जगातल्या सगळ्यात चांगल्या लॅबमध्ये बसलाय. तू बैलांच्या नायट्रोजनवर मोजतेस. परीक्षक कोणाचं ऐकतील?" माझी शिष्यवृत्ती संपायला चार महिने उरले होते. तो आलेख प्रबंधात गेला नाही. आणि मी इशिमोरींना आभाराचं पत्र लिहिलं, त्यात म्हटलं की माझी मोजमापं तुमच्याशी तंतोतंत जुळतात.

ते वाक्य खोटं होतं. चाळीस वर्षं मला ते ठाऊक होतं.

वेस्ट विंडसर

माझी मुलगी ऋजुता, जावई अमेय आणि नऊ वर्षांची नात ईरा वेस्ट विंडसरला राहतात. अमेय सकाळी प्रिन्स्टन जंक्शनहून गाडी पकडून कामाला जातो, ऋजुता घरून काम करते. मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचले. झाडांचा रंग बदलायला नुकती सुरुवात झाली होती. आपल्याकडे पानगळ म्हणजे झाड केविलवाणं होतं, इथे ते गळायच्या आधी लालभडक होऊन घेतं. रोज सकाळी मागच्या अंगणात हरणं येऊन ऋजुताने लावलेला पालक खाऊन जायची. मला कौतुक वाटायचं आणि ऋजुताला संताप यायचा. घरं मोठी, रस्ते स्वच्छ आणि माणूस कुठेच नाही. पहिले चार दिवस मी खिडकीत बसून टपालवाल्याची वाट पाहायचे, तेवढाच एक चालता माणूस दिसायचा. ईराला मी मराठीत गोष्टी सांगायचे आणि ती इंग्रजीत प्रश्न विचारायची. आमचं छान चाललं होतं.

बॅगेत मी तो आलेख घेऊन आले होते. पिवळा पडलेला ग्राफपेपर, पेन्सिलीचे ठिपके, कोपऱ्यात माझी सही. सोबत इशिमोरींच्या तीन ओळींचं ते पत्रही होतं. ते गृहस्थ हयात असतील असं मला वाटत नव्हतं. ज्या संशोधन केंद्रातून ती नळी आली होती ती इमारत निदान बाहेरून पाहावी, एवढाच बेत होता. अमेयने शोध घेतला तर ती इमारत पाडून तिथे सदनिका झाल्या होत्या.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. नागपूर, अमरावती, मुंबई, संभाजीनगर, सगळीकडची आपली माणसं जमली होती. जय भीम म्हणत एकमेकांना भेटत होती आणि पार्किंगवरून एकमेकांना फोन करत होती. वंदना झाली, भाषणं झाली. जेवणात वरण, भात, पोळी आणि नागपूरकरांनी हट्टाने केलेली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी. माझ्या शेजारी प्रज्ञा मेश्राम नावाची तिशीतली मुलगी बसली होती. नागपूरची, इथे जवळच्या विद्यापीठात अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळेत संशोधक. मी भौतिकशास्त्राची म्हटल्यावर तिने विषय विचारला, आणि बोलता बोलता माझ्या तोंडून इशिमोरींचं नाव निघालं.

तिचा घास हातातच राहिला. "काकू, इशिमोरी सर? ते तर आमच्या लॅबमध्ये येतात न दर मंगळवारी. आणि राहतात तुमच्याच गावात."

इशिमोरींचं घर

प्रज्ञाने त्यांना विचारून शनिवारची वेळ ठरवून दिली. नकाशात घर तीन किलोमीटरवर दाखवत होतं. जालन्यात मी रोज एवढं चालते. ऋजुता ईराला पोहायला घेऊन गेली होती, तिला कशाला थांबायचं म्हणून मी डब्यात थालीपिठं आणि ठेचा घेऊन निघाले. पंधरा मिनिटांनी फुटपाथ संपला. मग गवत, आणि गवताला लागून सुसाट गाड्या. साडी सावरत, डबा सांभाळत मी कडेकडेने जात होते. दोन गाड्या थांबल्या. तिसऱ्या गाडीतल्या बाई तर खाली उतरल्या, मी हरवले आहे का, कोणाला फोन करू का, असं विचारू लागल्या. मी चालते आहे हे त्यांना पटेचना. शेवटी त्यांनीच मला इशिमोरींच्या दारात सोडलं. ऋजुताला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आई, इथे असं कोणी जात नाही गं, मला कॉल करायचास ना.

दार उघडणारा माणूस माझ्या खांद्याइतका होता. पांढरे केस नीट विंचरलेले, स्वेटरच्या कोपराला ठिगळ, पण नजर तरतरीत. कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला, मीही हात जोडले. चपला दारात काढायच्या, हे दोघांच्या घरचं सारखंच. त्यांनी मला घालायला सपाता दिल्या.

आधी थोडा घोळ झाला. प्रज्ञाने डॉक्टर बोराडे असं सांगितलं होतं, ते माझं सासरचं नाव. त्यांना काही आठवेना. मी पत्र पुढे केलं. त्यांनी स्वतःचं अक्षर ओळखलं, वर तारीख पाहिली आणि सावकाश म्हणाले, "मिस गायकवाड. औरंगाबाद." माझ्या लग्नाला आलेल्या कित्येकांना माझं माहेरचं नाव सांगता येणार नाही.

बैठकीच्या खोलीत लाकडी देव्हारा होता. आत बुद्धाची लहान मूर्ती आणि शेजारी त्यांच्या पत्नीचा, मिचिको यांचा फोटो. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. मी परवानगी घेऊन समोर बसले आणि सवयीने त्रिशरण म्हटलं. ते मागे उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले की त्यांच्याकडचे शब्द वेगळे आहेत, पण श्वास घ्यायची जागा तीच आहे.

जेवण त्यांनी स्वतः केलं होतं. मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, भाताचे गोळे आणि प्रत्येक गोळ्यात दडवलेलं खारवलेलं आंबट फळ. त्याची चव आपल्या खारातल्या लिंबाची धाकटी बहीण म्हणावी अशी. मी सांगितलं तसं त्यांनी ठेचा नखभर घेतला, डोळ्यांत पाणी आलं, थांबले, आणि पुन्हा घेतला. थालीपीठ मात्र ते चॉपस्टिकने तोडू लागले तेव्हा मी त्यांना हाताने खायला लावलं.

जेवताना आणि नंतर चहावर त्यांनी मला आपली सगळी कारकीर्द सांगितली. ती मी इथे थोडक्यात देते, कारण ती कुठे छापलेली मला सापडली नाही.

ते सेतो गावचे, जिथे घरोघर चिनीमातीची भांडी होतात. वडील भांडी भाजायचे. भट्टीच्या आवाजावरून आत किती आच आहे हे ओळखायला ते सातव्या वर्षी शिकले. युद्धानंतरच्या ओढगस्तीत शाळा केली, मग नागोयाला विद्यापीठात गेले. तिथे सगळ्यांना सिद्धांत मांडायचे होते, स्फटिक वाढवायचं काम कोणाला नको होतं, कारण त्यात दोन आठवडे भट्टीपाशी बसायचं आणि शेवटी नळीत राख निघायची. यांना मात्र ते घरचं काम वाटलं. डॉक्टरेट झाल्यावर न्यू जर्सीतल्या संशोधन केंद्राने दोन वर्षांसाठी बोलावलं. नवी बायको आणि एक ट्रंक घेऊन ते आले. ती दोन वर्षं अजून संपली नाहीत, असं ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

त्या केंद्राचे दिवस वैभवाचे होते. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि प्रत्येक खोलीत एकेक हुशार माणूस. कोणालाही नवीन पदार्थाचा स्फटिक हवा असला की तो इशिमोरींचं दार वाजवायचा. स्फटिक वाढवायची रीत ऐकायला सोपी आहे. क्वार्ट्झच्या नळीत धातू, गंधक आणि चिमूटभर आयोडीन घालायचं, हवा काढून नळी बंद करायची आणि भट्टीत अशी ठेवायची की एक टोक जास्त गरम राहील. मग पदार्थ वाफ होऊन दुसऱ्या टोकाला जातो आणि थरावर थर बसतो. पंधरा दिवस भट्टीची आच एका अंशानेही हलता कामा नये. ते ज्यांना जमायचं ते बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्या स्फटिकांवर शेजारच्या खोल्यांतल्या लोकांनी मोजमापं केली, लेख लिहिले, काही जगभर नावाजले गेले. इशिमोरींचं नाव बहुतेक लेखांत शेवटच्या परिच्छेदात यायचं: स्फटिकांसाठी आभार.

मी विचारलं की याचं वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "मी शेवटच्या परिच्छेदातला माणूस. पण तो परिच्छेद काढला तर वरचं सगळं पडतं." यात कुरकूर नव्हती. सुताराने आपल्या चौकटीकडे हात दाखवावा तसं ते म्हणाले.

पुढे कंपनीचे तुकडे झाले, केंद्र ओस पडत गेलं. जपानमधून प्राध्यापकीचं बोलावणं आलं होतं, पण तोवर मिचिकोबाईंना इथली माती आणि त्यांची भाजीची बाग सोडवेना. मग जवळच्या विद्यापीठाने भट्ट्यांसकट त्यांना घेतलं. निवृत्तीनंतरही त्यांनी मंगळवार सोडला नाही.

एवढं झाल्यावर मी पिशवीतून आलेख काढला. सगळं सांगितलं. पायरी, सर, शिष्यवृत्ती, आणि त्यांना लिहिलेलं ते खोटं वाक्यही. इंग्रजीत सांगायला अवघड गेलं नाही. इतकी वर्षं मनात जुळवत होते.

त्यांनी कागद उजेडात धरला, चष्मा वर करून पायरीजवळचे ठिपके एकेक पाहिले. मग कागद माझ्याकडे परत देत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांदीचा लेप सुटला असेल."

मी डबा घेतला आणि आभार मानले. अमेय न्यायला आला होता. गाडीत तो विचारत राहिला की कसे होते, काय म्हणाले. मी म्हटलं, जेवण छान होतं. खरं तर मला राग आला होता. तो माझ्या सरांचंच वाक्य पुन्हा ऐकावं लागल्याचा कमी आणि स्वतःचा जास्त होता, कारण माझी मोजमापं बरोबर होती हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आत्ताही, आणि दोन्ही वेळा मी मुकाट्याने कागद परत घेतला होता.

प्रयोगशाळा

सोमवारी प्रज्ञाचा फोन आला. इशिमोरी सरांनी तिला सांगितलं होतं की डॉक्टर गायकवाड यांना मंगळवारी घेऊन ये आणि त्यांना म्हणावं आलेख सोबत आणा. तिलाही काही कळत नव्हतं. दोन दिवस सर फोनच उचलत नव्हते, म्हणाली, तळघरात काहीतरी शोधत बसले होते.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. पंपांची घरघर, नळ्यांचं जाळं आणि कोपऱ्यात चांदीसारखी लख्ख नायट्रोजनची टाकी. तोटी फिरवली की हवा तेवढा. मला माझा मांडीवरचा कॅन आठवून हसू आलं. प्रज्ञाला बैलांची गोष्ट सांगितली तर ती पोट धरून हसली, आणि मग म्हणाली, "काकू, एवढं करून तुम्ही तीन-तीनदा मोजलं होतं?"

इशिमोरी टेबलाशी बसले होते. समोर बुटाच्या खोक्याएवढी लाकडी पेटी होती आणि तीत कापसावर काचेच्या नळ्या, प्रत्येकीला चिठ्ठी. आपल्या प्रत्येक भट्टीतला एक तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. त्यातली एक नळी त्यांनी वेगळी काढली होती. मला पाठवलेले तीन स्फटिक ज्या भट्टीतून निघाले, त्याच भट्टीतलं हे चौथं भावंड.

"तुम्ही लावा," असं म्हणून त्यांनी चिमटा माझ्यापुढे केला.

बत्तीस वर्षं मी मुलांना फळ्यावर शिकवलं होतं. असलं काम शेवटचं केलं तेव्हा माझे केस काळे होते. मी स्फटिक कडेला धरला. श्वास कधी रोखला ते कळलंही नाही. केसासारख्या चार तारा, चांदीच्या लेपाचे चार ठिपके. इशिमोरींनी भिंगातून चारही जोड तपासले, मग प्रज्ञाला तपासायला लावले. शेजारी त्यांनी दुसऱ्या एका भट्टीतला स्फटिकही तसाच जोडायला सांगितला, म्हणजे ताडून पाहता येईल.

थंड करायला तासभर लागला. मग गरम करायला सुरुवात झाली. आता ठिपके पेन्सिलीने काढावे लागत नाहीत, पडद्यावर रेषा आपली आपण पुढे सरकते. आम्ही तिघं स्टुलांवर बसून ती रेषा बघत होतो. दोन्ही स्फटिकांच्या रेषा सारख्याच चालल्या होत्या. मी माझा ग्राफपेपर पडद्याखाली ठेवला. बर्फाच्या तापमानाच्या थोडं अलीकडे एक रेषा सरळ पुढे गेली. दुसरी, आमच्या भावंडाची, जराशी उचलली गेली, थबकली, आणि नव्या उंचीवरून पुढे चालू लागली. ग्राफपेपरवर होती तिथेच, तेवढीच.

प्रज्ञा माझ्याकडे बघून हसत होती. इशिमोरी उठले, माझ्यासमोर आले आणि कमरेत वाकले, दारात वाकले होते त्याहून बरेच खोल.

मग त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. सगळी जपानीत, बारीक अक्षरात, रोजच्या तापमानाच्या नोंदी. एका पानावर बोट ठेवून त्यांनी आम्हाला इंग्रजीत अर्थ सांगितला: नवव्या दिवशी भट्टी चार तास बंद, मग पुन्हा सुरू. एवढ्याने घात होतो, ते म्हणाले. बंद होण्याआधीचे थर आणि नंतरचे थर एकमेकांवर नीट बसत नाहीत, आत ताण राहतो, आणि गरम करताना तो ताण सुटतो ती ही पायरी. म्हणजे नवा शोध वगैरे काही नव्हता. माझ्या बैलांच्या नायट्रोजनने त्यांच्या भट्टीची खोड बरोबर पकडली होती.

त्यांना तेव्हाच संशय होता. माझ्या पत्राच्या वेळी हाताशी दुसरे स्फटिक नव्हते, म्हणून त्यांनी तेच पाठवले. मोजमाप कळवा असं मुद्दाम लिहिलं. काही दोष असेल तर समोरून कळेल, असं त्यांच्या मनात होतं. माझं पत्र आलं, सगळं जुळतं म्हणून. "मला फार बरं वाटलं," ते म्हणाले. "वाटायला नको होतं."

शनिवारी मी आलेख पुढे केला तेव्हा पहिल्या क्षणीच त्यांना सगळं कळलं होतं. तरीही तोंडातून लेपाचं वाक्य निघालं. त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी तळघरात ती नळी आणि ती वही शोधण्यात घालवले.

पाच मंगळवार

हे छापायचं, असं त्यांनीच ठरवलं. दोन पानांचं टिपण पुरे. ज्या कोणाकडे त्या भट्टीतले स्फटिक गेले असतील आणि ज्या कोणाला ती पायरी दिसून त्याने ती स्वतःची चूक मानली असेल, त्याला कळलं पाहिजे. मी म्हटलं, चाळीस वर्षांनी कोण वाचणार? त्यांनी प्रज्ञाला नवं पान उघडायला सांगितलं.

पुढचे पाच मंगळवार मी तिथे होते. मोजमाप आणखी तीनदा केलं. दुपारी डबे उघडायचे. माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी असली की इशिमोरी आपला भात बाजूला ठेवायचे. प्रज्ञाची वांग्याची भाजी नागपुरी तिखट, ती खाऊन ते दर वेळी पाणी मागायचे आणि दर वेळी पुन्हा वाढून घ्यायचे. घरी अमेयला आता भट्टीचं तापमान आणि थरांचा ताण तोंडपाठ झाला होता. ईराने शाळेत आजीबद्दल बोलताना सांगितलं की "My grandma is fixing an old mistake," आणि ऋजुताने मला ते रात्रीच्या जेवणात ऐकवलं. मी म्हटलं, बरोबर सांगितलं पोरीने.

टिपण मी लिहायचं ठरलं. इंग्रजी माझं कामापुरतं आहे, पण अशा लिखाणाला कामापुरतंच लागतं. नाव कोणाचं आधी यावं यावर आमचा थोडा वाद झाला आणि त्यात मी हरले, माझंच नाव आधी आलं. ते टिपण एका नियतकालिकाला गेलं आहे. हे लिहीपर्यंत तिकडून काही कळलेलं नाही. छापतील किंवा परत पाठवतील. परत आलं तर दुसरीकडे पाठवू, तेवढी उमेद आम्हा दोघांनाही आहे.

मी निघायच्या आदल्या सकाळी इशिमोरींचा फोन आला, येऊन जा म्हणून. ऋजुताने सोडलं. झाडं आता पूर्ण उघडी झाली होती आणि त्यांच्या दारातली पानं कोणीतरी झाडून एका बाजूला लावली होती. टिपण तेव्हा अजून पाठवायचं होतं; टेबलावर त्याच्या मसुद्याची दोन पानं होती. त्यात एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ.

"हे वाक्य चुकलंय," ते म्हणाले.

मला वाटलं व्याकरण. वाक्य साधं होतं: नवव्या दिवशी भट्टी चार तास बंद पडली होती. त्यांनीच सांगितल्यावरून मी लिहिलं होतं.

"बंद पडली नव्हती. मी बंद केली."

मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं. त्या दिवशी दुपारी मिचिकोबाईंचा प्रयोगशाळेत फोन आला होता. बाईही सेतोच्याच, आणि तिथे त्यांची आई वारली होती. तिकडे जाऊन पोचेपर्यंत सगळं आटोपणार होतं, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. खोलीत माणूस नसताना भट्टी चालू ठेवायची नाही असा नियम होता; रात्रपाळीला मदतनीस असायचा, पण त्या दुपारी दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी बटण बंद केलं आणि घरी गेले. बाई बागेत बसून वांग्याच्या रोपांमधलं गवत उपटत होत्या. हे शेजारी बसले आणि तेही उपटू लागले. ऊन उतरलं तसे हे उठले, गाडी काढली आणि प्रयोगशाळेत जाऊन भट्टी पुन्हा सुरू केली.

"मी बंद केली ती चूक नव्हती," ते म्हणाले. "चार तासांनी परत जाऊन सुरू केली, ती चूक."

ते स्फटिकांबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, हे मी विचारलं नाही. त्यांनी देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं, तेवढंच.

मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे वाक्य बदललं: नवव्या दिवशी इशिमोरींनी भट्टी बंद केली, आणि चार तासांनी पुन्हा सुरू केली. ते वाचून त्यांनी मान हलवली.

पेन्सिल माझ्याच हातात होती. मी पान उलटलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मी, आपल्या सरकारी पत्रांतल्या वळणाने, लिहिलेलं एक वाक्य होतं की सदर आलेख प्रबंधातून वगळण्यात आला. कोणी वगळला ते कुठेच नव्हतं. वाचणाऱ्याला वाटावं की विद्यापीठाच्या इमारतीत वारा आला आणि तो कागद उडून गेला. माझे सर आता नाहीत, त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. पण प्रबंधाची पानं बांधायला देताना त्यातून तो कागद माझ्या हाताने बाहेर आला होता, आणि ते पत्र माझ्या हाताने लिहिलं गेलं होतं.

मी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: हा आलेख मी वगळला, आणि इशिमोरींना मोजमाप जुळतं असं कळवलं.

त्यांनी दोन्ही पानं समोर ओढली. बोट ठेवून आधी त्यांचं वाक्य वाचलं, मग माझं, मोठ्याने, सावकाश.

"आता," ते म्हणाले, "हे दोन माणसांनी लिहिलंय असं वाटतं."